सोलापूरला माणसांवर खर्च करणारे कला-प्रतिष्ठान हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकातून सोलापुरातील संगीत महोत्सव, व्याख्यानमाला, एकांकिका स्पर्धा आणि पुरस्कार वितरण सोहळे यांचे वृत्तांत नेमाने प्रसिद्ध होतात व मी ते आवडीने वाचतो. या कार्यक्रमांसाठी पैसा उभा करणारे उद्योजक, बँका, पतसंस्था आणि प्रतिष्ठाने यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. ‘प्रिसिजन फाउंडेशन’ने गप्पांच्या आणि संगीताच्या कार्यक्रमांतून सोलापूरच्या रसिकांना जे दिले, त्याचा लाभ मीही श्रोता म्हणून घेतला आहे. तरीही एक उणीव वर्षानुवर्षे जाणवत आली आहे आणि ती जाहीरपणे मांडावी म्हणून हे काहीसे लांबलेले पत्र लिहीत आहे. आपल्याकडे कलेच्या कार्यक्रमाला देणगी मिळते. पण कला करणारा माणूस शिकत असतो, चाचपडत असतो, त्याचे अजून नाव झालेले नसते, त्या काळात त्याच्या पोटापाण्याची तजवीज करणारे कोणी नसते. अशा माणसांच्या पाठीशी वर्ष-दोन वर्षे उभे राहणारे, खासगी देणग्यांतून उभारलेले आणि चोख कारभाराचे धर्मादाय प्रतिष्ठान सोलापुरात स्थापन व्हावे, आणि कलेबरोबरच समाजात पुढाकार घेणाऱ्या तरुण माणसांनाही त्याने हात द्यावा, अशी माझी सूचना आहे.

पश्चिम महाराष्ट्रातील इतर शहरांकडे पाहिले म्हणजे सोलापूरची अडचण नीट कळते. सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांना आश्रय दिला आणि १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी मान दिला आणि १९१५ मध्ये पॅलेस थिएटर बांधले, तेच आजचे केशवराव भोसले नाट्यगृह. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये चित्र-शिल्पांचे संग्रहालय उभे केले. सोलापूर शहर मात्र थेट इंग्रजी अंमलाखाली होते. येथे राजा नव्हता आणि दरबारही नव्हता. येथील कला वाढली ती बाजारपेठेच्या, गिरण्यांच्या आणि मुख्यतः कामगारांनी पगारातून काढलेल्या वर्गणीच्या आधारावर. गणेशोत्सवातले मेळे, भजनी मंडळे, कलापथके आणि कामगार नाट्य स्पर्धांतले संघ यांना प्रेक्षक गिरणगावानेच दिला आणि नटही त्यानेच दिले. पुढे १९६० च्या दशकात जुनी मिल बंद पडली आणि १९९० च्या दशकात लक्ष्मी-विष्णू गिरणीचा भोंगा थांबला. त्याबरोबर केवळ रोजगार गेला असे नव्हे. दर महिन्याला ठरावीक तारखेला येणारा पगार आणि पाळी संपल्यावर हाती उरणारा वेळ या दोन्ही गोष्टी गेल्या. हौशी कलेला याच दोन गोष्टी लागतात. आज यंत्रमागावर किंवा शिलाई कारखान्यात काम करणाऱ्याची मजुरी कामावर अवलंबून असते, त्यामुळे तालमीला दिलेली प्रत्येक संध्याकाळ त्याच्या खिशातून जाते.

या मातीत गुण कमी नाहीत, हे मी नव्याने सांगण्याची गरज नाही. शाहीर राम जोशी सोलापूरचे. ज्यांच्या आवाजाने संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मैदाने भरत, ते शाहीर अमर शेख बार्शीचे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा जन्म पंढरपूरचा, तर गायिका-अभिनेत्री फैयाज यांचा सोलापूरचा. अतुल कुलकर्णी येथील हौशी रंगभूमीवर घडले आणि नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातील जेऊरचे. वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली सोलापुरात जन्मले, त्यांचे आयुष्य विदर्भाच्या अरण्यांत गेले, २००६ मध्ये सोलापुरातच भरलेल्या ७९ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले आणि अखेरच्या काळात ते याच शहरात परतले. या यादीतील बहुतेकांना काम करण्यासाठी पुणे किंवा मुंबई गाठावी लागली. ज्याला जावेसे वाटते त्याने अवश्य जावे. माझी काळजी आहे ती ज्यांना जाणे परवडत नाही, ज्यांच्यावर घर चालते, त्यांची. त्यांची नावे कोणत्याच यादीत येत नाहीत आणि त्यांच्या नसण्याची बातमीही होत नाही.

आमच्या नाट्यसंस्थेत पूर्व भागातील एक मुलगी काम करीत असे. आई विड्या वळणारी, घरात तेलुगू बोलली जाणारी. पण तिचे मराठी उच्चार इतके स्वच्छ होते की दिग्दर्शकाला तिला काही सांगावे लागत नसे. स्पर्धेत तिला अभिनयाचे पारितोषिकही मिळाले. पुढच्या वर्षी ती तालमीला आली नाही, कारण संध्याकाळी तिला शिलाईचे काम मिळाले होते आणि घराला त्या पैशांची गरज होती. त्याच सुमारास एका पुरस्कार सोहळ्यात मंडप, भोजन, ध्वनियंत्रणा आणि प्रमुख पाहुण्यांचा प्रवास यांवर जो खर्च झाला, त्यात तिच्यासारख्या तिघी-चौघींचे वर्षभर भागले असते. सोहळा करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. आपल्याकडे देणगी देण्याची तेवढी एकच रीत रुजली आहे, याचे मला दुःख आहे. शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह आयुष्याच्या उत्तरार्धात मिळते. राज्य शासनाचे कलावंत मानधनही ज्येष्ठांसाठी, पन्नाशी उलटलेल्यांसाठी आहे. दरमहा ५,००० रुपयांची ती मदत अनेक वृद्ध कलावंतांना आधार देते आणि ती वाढावी असेच मला वाटते. परंतु विशी ते चाळिशीच्या दरम्यान, जेव्हा माणूस कला धरतो किंवा सोडून देतो, तेव्हा आपल्याकडे त्याला विचारणारे कोणीही नाही.

कलावंत म्हणजे केवळ रंगमंचावर दिसणारा, असेही मानू नये. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले, तिचा आपण अभिमान बाळगतो. पण नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड मागासाठी चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवून नक्षी उतरवणाऱ्या कारागिराला आपण कधी चित्रकार म्हटले आहे काय? मागावर विणलेली व्यक्तिचित्रे आणि भिंतीवर लावायची वॉल हँगिंग ही या शहराची स्वतःची कला आहे. तो कागद रंगवण्याचे काम आता संगणकावर होते आणि जुन्या हातांकडून नव्या हातांकडे जे जायला हवे ते जाण्यास फारसा अवधी उरलेला नाही. एखाद्या तरुण डिझायनरला अशा जुन्या कारागिराजवळ वर्षभर बसून शिकता आले, तर त्याचा लाभ उद्योगालाही होईल. आराधी मेळे, गोंधळी, हलगीवादक, मोडनिंबच्या कला केंद्रांतील लावणी कलावंत, मार्कंडेय रथोत्सवाशी आणि बतुकम्मा या फुलांच्या सणाशी बांधलेली तेलुगू गाणी, अक्कलकोट परिसरातील कानडी भजने, उर्दू मुशायरे, हे सारे याच प्रदेशाचे आहे. अकलूजच्या लावणी स्पर्धेने ग्रामीण भागातल्या एका उपक्रमाला राज्यभर प्रतिष्ठा मिळवून देता येते हे दाखवून दिले. तो आत्मविश्वास शहरानेही धरावा.

अशा प्रतिष्ठानाचा विचार करताना मला अमेरिकेतील मिनेसोटा राज्याचे उदाहरण फार उद्बोधक वाटते, कारण न्यूयॉर्कसारख्या महानगरांपासून दूर असलेल्या प्रदेशाने आपले कलावंत आपल्याकडे कसे राखले, ते त्यातून दिसते. त्या राज्यातील थ्री-एम या उद्योगातून मिळालेल्या संपत्तीवर १९५३ या एकाच वर्षी दोन प्रतिष्ठाने उभी राहिली : आर्चिबाल्ड आणि एडिथ बुश या दांपत्याचे बुश फाउंडेशन आणि विल्यम व मॉड मॅकनाइट यांचे मॅकनाइट फाउंडेशन. बुश फाउंडेशनने आपले कार्यक्षेत्र मिनेसोटा, नॉर्थ डकोटा व साउथ डकोटा ही तीन राज्ये आणि त्याच भूभागातील २३ मूलनिवासी राष्ट्रे एवढेच ठेवले. त्या मर्यादेमुळे त्यांना आपल्या प्रदेशातील माणसे ओळखता आली. नेतृत्वासाठी त्यांच्या पाठ्यवृत्त्या १९६० च्या दशकापासून आहेत आणि त्या संस्थेला न देता व्यक्तीला दिल्या जातात. त्या व्यक्तीने आपल्या समाजासाठी अधिक समर्थपणे काम करता यावे म्हणून काय शिकायचे, कोठे जायचे, हे तिने स्वतः ठरवायचे असते. मॅकनाइट फाउंडेशनने १९८० च्या दशकाच्या आरंभापासून निरनिराळ्या क्षेत्रांतील कलावंतांना पाठ्यवृत्त्या दिल्या आणि त्यांची निवड व व्यवस्था त्या-त्या कलेत मुरलेल्या संस्थांकडे सोपवली. पैसा देणाऱ्याने निवडीपासून एक पाऊल मागे राहण्याची ही पद्धत आपण मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे.

त्याच मिनेसोटात ऑगस्ट विल्सन हे कृष्णवर्णीय लेखक १९७८ मध्ये राहायला आले. पुढे चरितार्थासाठी ते एका सेवाभावी संस्थेत स्वयंपाकी म्हणून काम करीत. १९८० मध्ये त्यांना मिनिआपोलिसच्या नाट्यलेखन केंद्रातून जेरोम फाउंडेशनची पाठ्यवृत्ती मिळाली. त्यानंतर त्यांनी पिट्सबर्गमधल्या ज्या वस्तीत बालपण काढले, प्रामुख्याने त्याच वस्तीवर नाटकांची मालिका लिहिली आणि १९८७ व १९९० अशी दोन वेळा पुलित्झर पारितोषिके मिळवली. पाठ्यवृत्तीची रक्कम मोठी नव्हती. तिने त्यांना वेळ दिला आणि नाटककार म्हणून कोणीतरी आपल्याला मानते हा विश्वास दिला. पूर्व भागातील, शास्त्रीनगरमधील किंवा बाळे भागातील एखाद्या मुलाला आपल्याच गल्लीवर नाटक लिहावेसे वाटत असेल, तर त्याला हे दोन्ही आपण येथे देऊ शकतो.

इतक्या दूरचे उदाहरण कशाला, असे कोणी म्हणेल. म्हणून शेजारच्या कर्नाटकाकडेही पाहावे. शिवमोग्गा जिल्ह्यातील हेग्गोडू या खेड्यात १९४९ मध्ये स्थापन झालेल्या नीनासम या नाट्यसंस्थेने के. व्ही. सुब्बण्णा यांच्या नेतृत्वाखाली १९८० मध्ये नाट्यशिक्षण संस्था उघडली आणि १९८५ पासून ‘तिरुगाटा’ हे फिरते नाट्यपथक चालवले. त्यांच्या वाटचालीत फोर्ड फाउंडेशनच्या मदतीचाही वाटा होता, परंतु मुळाशी गावकऱ्यांचा सहभाग होता. सुब्बण्णांना १९९१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्यात कलावंत कोठे संपतो आणि समाजाचा पुढारी कोठे सुरू होतो, हे सांगता येणार नाही. बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स या संस्थेने १९९५ पासून देशभरातील कलावंत व संशोधकांना अनुदाने दिली आहेत. आपल्याकडील किती तरुणांना तेथे अर्ज करता येतो याची कल्पना असते, हा प्रश्न आपल्या महाविद्यालयांनी स्वतःला विचारावा.

कलेला आणि नेतृत्वाला एकाच प्रतिष्ठानात का आणावे, याचे उत्तर सोलापूरच्या इतिहासातच आहे. आपले ग्रामदैवत सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातील कानडी वचनकार. परंपरा त्यांना तलाव खोदवणारे, लोकांना कामाला लावणारे म्हणूनही ओळखते. १९३० मध्ये इंग्रजांनी शहरावर लादलेल्या मार्शल लॉच्या म्हणजे लष्करी अंमलाच्या काळात सोलापूरने जे नेतृत्व दाखवले, ते भिन्न समाजांतून आले होते, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांच्या नावांवरूनच ते स्पष्ट होते. त्यांच्या स्मरणार्थ शहराने नाट्यगृहाला हुतात्मा स्मृती मंदिर हे नाव दिले, ही मला अतिशय अर्थपूर्ण गोष्ट वाटते. अलीकडच्या काळात विडी कामगार स्त्रियांनी संघटितपणे झगडून कुंभारीच्या माळावर दहा हजार घरांची वसाहत उभी करून घेतली. राजकीय मते काहीही असोत, त्या स्त्रियांतील संघटनकौशल्य कोणालाही नाकारता येणार नाही. वस्तीत ग्रंथालय चालवणारा तरुण, बचत गटाचा हिशेब चोख ठेवणारी बाई, शाळेबाहेर राहिलेल्या मुलांना नाटकातून अक्षरओळख करून देणारी शिक्षिका यांना निवडणूक लढवायची नसते. त्यांना थोडे शिकायचे असते, चार ठिकाणची कामे पाहायची असतात आणि तेवढ्या काळात घरची चूल पेटती राहावी एवढीच त्यांची अपेक्षा असते.

आता पैशाचा विचार. माझी सारी नोकरी बँकेत झाल्यामुळे याविषयी थोडे अधिकाराने लिहितो. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटी रुपये नक्त मूल्य, १,००० कोटी रुपये उलाढाल किंवा ५ कोटी रुपये निव्वळ नफा यांपैकी एखादी मर्यादा गाठणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक दायित्वासाठी (सीएसआर) खर्च करावी लागते. त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत शिक्षण, आरोग्य यांच्याबरोबर कला व संस्कृतीचे जतन, पारंपरिक कला आणि हस्तव्यवसाय यांचे संवर्धन आणि सार्वजनिक ग्रंथालये यांचा स्पष्ट उल्लेख आहे. कंपनी जेथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो. आपले बहुसंख्य यंत्रमाग कारखाने या मर्यादेच्या खाली आहेत आणि सहकारी साखर कारखाने कंपनी कायद्यात येत नाहीत. तरीही जिल्ह्यात खासगी साखर कारखाने, मोठे उद्योग आणि सार्वजनिक क्षेत्रातील वीज प्रकल्प आहेत. त्यांच्या दायित्व निधीचा लहानसा हिस्सा या कामाकडे वळू शकतो.

मात्र एक बाब ध्यानात ठेवावी लागेल. जानेवारी २०२१ पासून सामाजिक दायित्वाची रक्कम कोणत्याही संस्थेच्या कायम निधीत, म्हणजे ज्याचे फक्त व्याज वापरायचे अशा ठेवीत, जमा करता येत नाही. म्हणजे कंपन्यांचा पैसा त्या-त्या वर्षीच्या पाठ्यवृत्त्यांसाठी वापरता येईल, पण प्रतिष्ठानाचा पाया असलेला कायम निधी व्यक्तींनी आणि कुटुंबांनी स्वतःच्या पैशातून दिलेल्या देणग्यांतूनच उभारावा लागेल. वालचंद हिराचंद यांच्यासारखा उद्योगपती ज्या शहरात जन्मला आणि ज्या शहरातील महाविद्यालये, रुग्णालये व वाचनालये व्यापारी घराण्यांच्या दानावर उभी राहिली, तेथे हे अशक्य आहे असे मला वाटत नाही. समजा ५ कोटी रुपयांचा कायम निधी जमला आणि त्यावर ७ टक्के व्याज मिळाले, तर वर्षाला ३५ लाख रुपये हाती येतील. आयकर कायद्यानुसार धर्मादाय संस्थेने उत्पन्नाचा किमान ८५ टक्के भाग आपल्या उद्दिष्टांवर खर्च करायचा असतो. दरमहा २५,००० रुपयांप्रमाणे वर्षाच्या आठ पाठ्यवृत्त्यांना २४ लाख रुपये लागतील. ५ लाख ७५ हजार रुपये तालमीची जागा, वाद्ये, प्रवास आणि निवड प्रक्रिया यांसाठी ठेवता येतील आणि उरलेले ५ लाख २५ हजार रुपये मूळ निधीत परत घालता येतील, नाहीतर महागाईने तो निधी काही वर्षांत पोकळ होईल. एखाद्या मोठ्या लग्नसमारंभाचा खर्च ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही रक्कम डोळे दिपवणारी वाटू नये.

कारभाराबद्दल माझे आग्रह आहेत आणि ते मी स्पष्टपणे लिहितो, कारण चांगल्या हेतूने सुरू झालेल्या संस्था एकाच घराण्याच्या किंवा एकाच गटाच्या हाती गेल्यावर कशा आक्रसतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. न्यासाची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे होईलच. त्यापलीकडे जाऊन विश्वस्तांची मुदत घटनेतच ठरवावी आणि पाठ्यवृत्तीधारक निवडण्याचे काम विश्वस्तांनी स्वतःकडे ठेवू नये. निवड समितीत सोलापूरबाहेरचे जाणकार असावेत. देणगीदाराच्या नात्यागोत्यातील कोणाचा अर्ज विचारात घेऊ नये. कोणाला, कशासाठी, किती रक्कम दिली हे दरवर्षी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध करावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अर्ज मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू यांपैकी कोणत्याही भाषेत करता यावा, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याच्या घरी जाऊन समितीने त्याची कला ऐकावी. हलगी वाजवणाऱ्याकडून छापील प्रकल्प आराखडा मागणे हा त्याच्यावर अन्याय ठरेल. पाठ्यवृत्ती घेणाऱ्याने वर्षअखेरीस देणगीदाराच्या वाढदिवसाला कार्यक्रम करावा, अशी अट तर मुळीच नसावी. त्याने केलेले काम लोकांसमोर एकदा ठेवावे, एवढे बंधन पुरे.

कार्यक्षेत्र सोलापूर जिल्ह्यापुरते ठेवावे की धाराशिव, लातूर, विजयपूर आणि कलबुर्गीपर्यंत न्यावे, यावर मतभेद होतील. माझ्या मते आरंभ जिल्ह्यापासून करावा, पण घटनेत सीमेपलीकडे जाण्याची मुभा ठेवावी. कारण तुळजापूरच्या आराध्याला आणि अक्कलकोटच्या भजनीबुवाला जिल्ह्याची किंवा राज्याची हद्द कधी आड आलेली नाही. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये एका जिल्ह्यासाठी स्थापन झाले, तेव्हाही एवढ्या लहान क्षेत्रासाठी विद्यापीठ कशाला, अशी शंका घेतली जात होती. निवड प्रक्रियेसाठी आणि ध्वनिमुद्रण, दस्तऐवजीकरण यांसाठी विद्यापीठाचे या कामात साहाय्य घेता येईल.

५ कोटी रुपये जमेपर्यंत थांबण्याची मात्र आवश्यकता नाही. ९ लाख रुपयांत तीन पाठ्यवृत्त्या पहिल्याच वर्षी सुरू करता येतात : एक नाटक किंवा संगीतासाठी, एक मागावरच्या नक्षीकामासाठी आणि एक वस्तीत काम करणाऱ्या तरुण स्त्रीसाठी. यंत्रमागधारक, व्यापारी, डॉक्टर, सनदी लेखापाल आणि सोलापूरहून बाहेर जाऊन स्थिरावलेली आपली माणसे यांनी या सूचनेवरील आपली मते, विरोधी असली तरी, आपल्या दैनिकाकडे लिहून पाठवावीत आणि आपण त्यांना जागा द्यावी, ही विनंती. न्यासाच्या घटनेचा कच्चा मसुदा आणि वर वर्णिलेल्या हिशेबाचा तपशील मी तयार केला आहे; जे कोणी या कामासाठी बैठक बोलावतील, त्यांच्यापुढे तो ठेवण्यास मी तयार आहे.

आपला नम्र,
हौशी रंगभूमीचा एक कार्यकर्ता व निवृत्त बँक कर्मचारी,
सोलापूर